यादीत तुझं नाव नाही, बा

प्रिय बा,

तू होतास तोवर मी तुला एकच पत्र लिहिलं, आणि ते खोटं होतं. हे दुसरं.

आता काय कामाचं, म्हणशील. तुला तेव्हाही वाचता येत नव्हतं, आता तर ऐकायलाही नाहीस. पण परवा किसनकाका अकोल्याला माझ्या खोलीवर आला, आणि तेव्हापासून मला दुसरं काही लिहिताच येत नाही. तुझ्या सनईसोबत डफडं वाजवायचा तोच किसनकाका. म्हातारा झाला रे!

वस्तीत विहार बांधून झाला, म्हणाला. मातीच्या भिंती, वर टिनं, पण आपलं. रविवारी सगळे जमणार. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर ज्यांनी जुनी कामं सोडली, लग्नात वाजवणं, मेलेली ढोरं ओढणं, त्यांची नावं भिंतीवर लिहिणार. त्यानं खिशातून कागद काढला. "तुहं अक्षर चांगलं हाय बाबू. साफ करून दे. पेंटर पाहून लिहीन."

मी वाचलं. परत वाचलं. तुझं नाव नाही!

किसनकाका चहाच्या बशीत पाहत होता. "तुह्या बापाचं नाव म्या दोनदा काढलं. लोक आयकत नाहीत. म्हन्तात, पोराले भेटाले अमरावतीले गेला अन् थेट दारात बसून सनई वाजवून आला. सोडून मंग वाजवली. आता त्यायले म्या काय सांगू?"

आणि मी काय बोललो माहीत आहे?

"बरोबर आहे."

जिभेला काही झालं नाही. चहासुद्धा पिऊन संपवला.

बा, तुझ्यासोबत लग्नांना यायचो ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही. मांडवाच्या बाहेर, जिथं लोक जोडे काढतात तिथं तुमची जागा. सनईशिवाय त्यांचं लग्न लागत नव्हतं, आणि सनईवाला मांडवात चालत नव्हता. सगळ्यांची जेवणं उरकली की उरलंसुरलं तुम्हाला. तू ते खायचास आणि मला म्हणायचास, "तू नोको खाऊ. घरी जाऊन खाऊ."

मी सातवीत होतो. तू नागपूरहून पांढऱ्या कपड्यांत परत आलास, सनईची पत्ती काढलीस, ती तोंडात धरायची जिभेसारखी चीज, आणि सापन नदीत सोडून दिलीस. "पत्तीबिगर सनई म्हंजे लाकूड." आई म्हणाली, "मंग ते लाकूड चुलीपाशी ठेवू का? फुंकनी व्हईन." तू किती हसलास! "सात भोकाची फुंकनी! चूल पेटाच्या आदी तूच इझशील व बाई."

लाकूड म्हणालास, पण फेकलं नाहीस. फडक्यात गुंडाळून खुंटीला टांगलं. वावरात फावडं धरलं की दांड्यावर तुझी बोटं चालायची. तुला वाटायचं, कोणी पाहत नाही.

मग मी अमरावतीला कॉलेजात गेलो आणि लहान लहान होत गेलो. शिकून माणूस मोठा होतो ना? मी वर्गात शिरलो की भिंत धरून बसायचो. तोंडातून 'मले' निघेल म्हणून सहा महिने कोणाशी बोललोच नाही. उत्तर यायचं, हात वर व्हायचा नाही. पास झालो तरी वाटायचं, मास्तरांची काहीतरी चूक झाली, उद्या बोलावतील आणि परत पाठवतील.

एक दिवस होस्टेलच्या ओट्यावर पोरं आपापले बाप सांगत होती. एकाचा वकील, एकाचा तहसीलदार, एकाची परतवाड्याला लाकडाची वखार. "आणि तुझे वडील?" मजूर हा शब्द जिभेवर आला. तिथंच अडकला.

"कलावंत आहेत," मी म्हणालो. "सनई वाजवतात."

स्नेहसंमेलनाचा सेक्रेटरी तिथंच बसला होता. उडालाच! "अरे, मग उद्घाटनाला बोलव की त्यांना. नाही म्हणायचं नाही." त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. कॉलेजात आल्यापासून पहिल्यांदा कोणीतरी खांद्यावर हात ठेवला होता. तेवढ्या हातासाठी मी तुला विकलं, बा.

कार्ड टाकलं : 'बा, आमच्या कॉलेजात तुझा सत्कार आहे. सनई घेऊन ये.' तू ते पोस्टमनकडून वावरातच वाचून घेतलंस. कोणाला सांगितलं नाहीस, आईलाही नाही. आल्यावर मला म्हणालास, सत्कार झाल्यावर सांगू, सगळे चकित होतीन.

आणि तू आलास. धुतलेलं धोतर, नवी टोपी, सनईला नवी पत्ती! गेटवर हसत विचारलंस, "खुर्चीवर बसवतीन ना रे?"

"बसवतीन," मी म्हणालो.

मला माहीत नव्हतं का? अर्धं माहीत होतं. उरलेलं मी माहीत करून घेतलं नाही.

सेक्रेटरी घाईत आला. "वाजंत्री आले का? दाराशी सतरंजी टाका. पाहुणे दिसले की सुरू करायला सांग." त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. त्यानं वाजंत्री जन्मभर दाराशीच पाहिले होते. तू त्याच्याकडे पाहिलंच नाहीस. माझ्याकडे पाहिलंस. काहीतरी बोलायला इतका वेळ होता, बा! 'माझे वडील दाराशी बसणार नाहीत', एवढं म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं?

मी म्हणालो, "तुम्ही इथं बसा."

तुम्ही! जन्मात तुला कधी तुम्ही म्हटलं नव्हतं.

तू बसलास. पहिला सूर फाटला. पोरं हसली. दुसरा लागला, आणि मग तू डोळे मिटलेस. इतक्या वर्षांचा दम कुठं साठवून ठेवला होतास? पाहुणे आत गेले, भाषण सुरू झालं, कोणीतरी 'पुरे' अशी खूण केली आणि दार लावून घेतलं. मी आत होतो. तिसऱ्या रांगेत. दार लागल्यावरही थोडा वेळ ऐकू येत होतं.

त्यांनी दिलेलं जेवण तू घेतलं नाहीस. जेवून आलो म्हणालास, आणि स्टँडवर अधाशासारखे फुटाणे खाल्लेस.

"आत खुर्च्या लय होत्या का रे?"

"हो."

"तुले भेटली?"

"भेटली."

"मंग झालं." तू फुटाण्यांची टरफलं फुंकत राहिलास. मग माझ्याकडे न पाहता म्हणालास, "मजूर सांगाले लाज वाटली काय तुले?"

कसं कळलं तुला? कार्डात तर मी लिहिलं नव्हतं!

"नाही," मी म्हणालो.

"म्या रोज वावर खनतो. कोनाच्या दारात बसत नाही. त्यात कमी काय हाय?" मग आवाज खाली आणलास. "तुहं तोंड पाह्यलं म्हनून वाजवली. लहानपनी झोपेत भेवाचा, तसं झालं होतं. आता नाही वाजवनार." एस.टी. आली. "जेवत जाय," म्हणालास आणि चढलास.

कोणीतरी तुला दाराशी पाहिलं होतंच. गावात बातमी पोचली. लिंबाखाली बैठक बसली, तुला उभं केलं. आईनं सांगितलं मला नंतर. तू एवढंच म्हणालास, "हौस आली. वाजवली. चुकलं." माझं नाव घेतलं नाहीस. तेव्हापासून प्रत्येक बैठकीत तू मागं बसायचास, जोड्यांजवळ. परत दाराशीच! या वेळी आपल्याच माणसांच्या.

मी सुट्टीला यायचो, बघायचो, आणि परीक्षा आहे म्हणून दोन दिवस आधी निघायचो.

तू तरी काहून गप्प राहिलास रे? एक शिवी द्यायची होती. एक थोबाडीत! मी सुधारलो नसतो, पण निदान हिशोबाला काही तुझ्या बाजूनंही असतं. तू मला काहीच दिलं नाहीस धरायला.

मागच्या साली तापानं गेलास. आईनं खुंटीवरची सनई उतरवली, फडकं सोडलं. सनईच्या तोंडात गुंडाळी करून काहीतरी खोचलेलं होतं. माझं कार्ड! "काय लिवलं हाय रे त्यात?" आईनं विचारलं.

"खुशाली," मी म्हणालो.

आता मी ऑफिसात कारकून आहे आणि गोष्टी लिहितो. वाक्यं उलटीपालटी करतो, मधेच तोडतो. एकदोन छापूनही आल्या. माझ्या गोष्टींत कोणालाच बाप नसतो. वाचणारे म्हणतात, काहीतरी नवीन आहे. नवीन कसलं, बा! भेकडपणा आहे.

कॉलेजात गेलो तेव्हा मी कोणापेक्षा कमी नव्हतो. मजुराचा पोरगा होतो, पाठ केलेलं सगळं येत होतं. कमी झालो तो 'कलावंत' म्हटल्यावर. मग 'तुम्ही' म्हणून. मग 'खुशाली'. परवा 'बरोबर आहे'. दर वेळी थोडा थोडा. आता आत हात घातला तर काही लागत नाही.

यादी साफ करून ठेवली आहे. तुझं नाव मी त्यात घातलेलं नाही. चोरून घातलेलं तुला चाललं नसतं.

रविवारी सकाळच्या गाडीनं येतो. आवाज निघेल का, माहीत नाही. निघाला तरी लोक म्हणतील, कोणाच्याही सांगण्यावरून वाजवली, वाजवली तर खरी. नाव लिहिणार नाहीत. आई माझ्याकडे पाहणार नाही, आणि ते बरोबरच असेल. यातून काही नीट होईल, असं मला वाटत नाही.

पन कार्ड मी घेऊन येतो, बा. सगळ्यायच्या समोर वाचतो. किसनकाकाच्या समोर, आईच्या समोर, मोठ्यानं. वाचाले तर तूच शिकवलं मले, वावर खनून खनून. पहिला सूर फाटंल माहा. तुहाबी फाटला होता.

तुहा
सुखदेव
मजुराचा पोरगा