विहाराची तापलेली फरशी

२८ एप्रिल
नवा बूट मिळाला. जखमेखाली पोकळ, बाकी जाड. शुगरनं डावा पाय बधिर. करंगळी गेल्या वर्षी काढली, आता अंगठ्याखाली जखम. सर्जन, शुगरचे डॉ., ड्रेसिंगच्या सिस्टर, बूट बनवणारे, चौघं एकाच खोलीत. मुलगी बघायला आल्यासारखे पायाभोवती बसले. जखम भरतेय म्हणाले. अट एकच, घरातसुद्धा बूट काढायचा नाही.

२९ एप्रिल
आई उंबऱ्यात आडवी आली. "जोडे घालून घरात फिरणार व्हय तू?"
मंगल म्हणाली, "आई, पाय वाचवायचाय ना त्यांचा?"
दिवसभर दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. बायको की आई, कुणाची बाजू घेऊ? टीव्ही बघत बसलो.

१ मे
कामगार दिन, चाकणला कंपनी बंद. मी तसाही महिनाभर घरीच. बुद्धपौर्णिमा. विहाराच्या दारात चपलांचा ढीग. सवयीनं बूट निघाला असं मंगलला सांगितलं. तसं नाही. सगळे अनवाणी, मी एकटा बूट घालून आत जाऊ? लाज वाटली.
नंतर अंगणात खीर वाटायला उभा. फरशी तापलेली, रांगेतली माणसं एका पायावरून दुसऱ्या पायावर. मी निवांत.
"भाऊ, चटका बसत नाही का तुम्हाला?" हसलो नुसता.

२ मे
चादर ओली. डाव्या तळव्याला हा मोठा फोड, फुटलेला. मंगल ओरडली असती तर बरं झालं असतं.

४ मे
पुन्हा चौघं. रागावलं कुणी नाही.
सिस्टर : "काका, एवढं भाजलं तरी कळलं नाही?"
नाही.
सर्जन म्हणाले, आतपर्यंत गेलंय. औषधं चालू. गुरुवारी बघून ठरवू. फरक पडला तर ठीक, नाहीतर अर्धं पाऊल काढावं लागेल.
सुपरवायझरचा फोन. "काय राव, कधी येताय?" बघू म्हटलं.
भीती वाटायला हवी. वाटत नाही. जेवलो, झोपलो.

६ मे
उद्या गुरुवार. घरचं ड्रेसिंग मंगल करते, सिस्टरनी शिकवलंय. आज पट्टी सोडली आणि बघतच बसली. मला वाकून तळवा दिसत नाही.
"कसं आहे?"
नवी पट्टी बांधली. नीट, सावकाश.
"अगं, कसं आहे?"
"चहा ठेवते," म्हणून आत गेली.
बराच वेळ झाला. गॅस पेटवल्याचा आवाज काही आला नाही.