वाराकीनचं फाटक

३ जून, सकाळी ७
कंपनीचं मेल आलं. रेल्वेच्या गेमच्या चाचणीसाठी माझी निवड. पाच जणांनी ऑनलाइन मिळून एकच नकाशा उभारायचा, काय बिघडतं ते कळवायचं. बाकीचे चौघे हौशी, काहींची तर नुसती टोपणनावं. मी एकतीस वर्षं फाटकवाला होतो, म्हणजे नेतृत्व माझ्याकडेच. आमची बंद पडलेली वाराकीन लाइन करायची ठरलं. मीच ठरवलं. पंधरा दिवसांत पूर्ण.

५ जून
नकाशातली टेकडी सरकवताना नदी गटातल्या मर्व्हिनच्या स्टेशनात शिरली. तो म्हणाला, बटण दाबण्याआधी विचारत जा. सॉफ्टवेअरचा दोष. बग क्र. १ कळवला.

८ जून
माझं फाटक उभं केलं. हुबेहूब. बंद ठेवलं. उद्यापासून रोज दोन मैल रूळ.

९ जून
रूळ झाले नाहीत. फाटक उघडं सापडलं. बंद केलं.

१० जून
पुन्हा उघडं. बग क्र. ४. बेरिलने विचारलं, इतक्या लाइनी असताना हीच कशाला? बायकोला रेल्वेतलं कळत नाही.

१२ जून
रस्त्याच्या वळणावर निळी पिकअप. मागे कुत्र्याचा पिंजरा. अशा पिकअप तेव्हा पुष्कळ होत्या. पुसली.

१३ जून
पिकअप परत. रुळांपासून वीस पावलांवर. रूळ अजून अर्धाच मैल.

१४ जून
पिकअप रुळांवर. बग क्र. ९, तातडीचा. कंपनीच्या ब्रिस्बेनच्या ऑफिसातून इन्ग्रिडचं उत्तर आलं: हा बग नाही, तुमच्याच गटातल्या नोएलीन ट्रँटर बदल करताहेत.
माझ्या फाटकावर रेल्वेच्या धडकेत गेलेल्या केव्ह ट्रँटरची बायको. ८६ साली अपघाताच्या चौकशीत मी शपथेवर सांगितलंय: फाटक बंद होतं, केव्हने तोडून पिकअप घातली. कागदोपत्री तसंच आहे. प्रश्न मिटला.

१६ जून, दुपारी
सगळ्यांचा कॉल. नोएलीनला शांतपणे नियम समजावायचं ठरवलं होतं. म्हटलं, फाटक त्या दिवशी बंद होतं, नकाशातही बंदच राहील.
"मी केव्हच्या शेजारी बसले होते, क्लाइव्ह. फाटक उघडं होतं. तू केबिनमध्ये पाठमोरा उभा होतास, चहा ओतत."
चौकशी झाली तेव्हा ती हॉस्पिटलात बेशुद्ध होती. नंतर कुणी तिला विचारलं नाही. मीही नाही.
मी म्हटलं, तुझा आवाज तुटतोय. मर्व्हिन म्हणाला, मला तर स्वच्छ ऐकू आला.

१७ जून
फाटक उघडं करून ठेवलं. बग कळवायचा अर्ज भरला. चूक कशाची, याला चार पर्याय: सॉफ्टवेअर, हार्डवेअर, इंटरनेट, इतर. 'इतर' निवडलं. खुलाशात माझं नाव लिहिलं. तारीख ८६ची टाकली.
कंपनीचं आपोआप येणारं उत्तर लगेच आलं. आभार मानलेत. ही चूक पुन्हा कशी घडवून पाहता येईल, ते क्रमवार कळवा म्हणतात.