मोरू घरी बसतो

रेवदंडा, कोळीवाडा
२५ ऑक्टोबर १९६१

चि. सौ. नलूला तिच्या बाचे रेवदंड्याहून आशीर्वाद. जावईबापू रतनराव यांना नमस्कार सांग.

आम्ही सगळे बरे आहोत. तुझं पत्र गणपतीत आलं होतं, उत्तराला उशीर झाला. अक्षर या वेळी फार मोठं आलं आहे, ते बघून हसू नकोस. टाक नवा आहे आणि शाई फुटते.

मोरूबद्दल लिहायचं होतं. आधी लिहिलेलं पत्र फाडलं, कारण त्यात फार राग होता. तू त्याची थोरली बहीण, तुझं तो ऐकतो, म्हणून पुन्हा लिहितो. नारळी पुनवेला होड्या पाण्यात गेल्या तेव्हापासून तुझा भाऊ घरी बसतो. अगदीच जात नाही असं नाही. मोठ्या उधाणाला माणसं कमी पडली की शिवदासच्या होडीवर जातो. बाकीचे दिवस घरात. राहीची वेणी घालतो, रघूला अंघोळ घालतो. सूनबाई कोकिळा मासळीची टोपली घेऊन अलिबागच्या बाजाराला निघाली की हा चुलीपुढं. परवा तर भाकरी थापत होता. मी बघायला गेलो नाही, आवाजावरून कळलं.

त्याचं म्हणणंही लिहितो, नाहीतर तू म्हणशील बा एकाच बाजूचं सांगतो. तो म्हणतो, माझी पाच जाळी पाच होड्यांवर आहेत, दर खेपेला जाळ्याचा वाटा घरी येतो. म्हातारपणासाठी जे जमवायचं ते मी आधीच जमवलं. ती जाळी मला पुढं पोसतील. आता पोरं लहान आहेत तोवर मी अर्धंच काम करणार. हे खोटं नाही. त्याच्या वयाची पोरं शिमग्यात नाचत होती तेव्हा हा अंगणात बसून जाळं विणायचा. स्वतःच्या हळदीच्या दिवशीसुद्धा हातातलं सूत सोडलं नाही, तुझी आई किती चिडली होती. पण नलू, वाटा येतो म्हणून धडधाकट माणूस घरात बसलेला तू कुठल्या कोळीवाड्यात बघितला आहेस? जाळं म्हणजे शेवटी सूत. फाटतं, कुजतं, वाहून जातं. उद्या पाचही होडीवाले म्हणाले, ने तुझी जाळी, तर काय करायचं? मला झोप लागत नाही.

आणि लोक बोलतात. बंदरावर काळूरामने सगळ्यांसमोर विचारलं, "काय मोरूबाय, आज कालवण कसलं केलंस?"

मोरू म्हणाला, "कोलंबीचं. तुझ्याच बायकोनं दिली. तुला न्हाय घातली व्हय?"

सगळे हसले. मला हसू आलं नाही. मी खाली मान घालून घरी आलो.

पोरांना बघायला मी आहे की घरात. तुझी आई गेल्यापासून मीच बघत होतो. आषाढात जे झालं ते झालं, ते कुठल्याही घरात होऊ शकतं. त्याचं एवढं काही नाही.

तेव्हा जावईबापूंना विचार. त्यांच्या मशीनच्या लाँचवर मोरूला जागा मिळाली तर हंगामभर वर्सोव्याला तुझ्याकडे राहील. पगार मिळेल आणि चार लोकांत मान राहील. मी विचारलं हे मोरूला कळू देऊ नकोस.

तुझा बा,
रावजी

*

रेवदंडा
१२ डिसेंबर १९६१

चि. सौ. नलूला आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. राहीने वाचून दाखवलं. संक्रांतीपासून लाँचवर जागा आहे, हे ऐकून बरं वाटलं. जावईबापूंनी एवढं मनावर घेतलं, त्यांचे उपकार आहेत. लाँचच्या मशीनचा आवाज फार असतो म्हणतात, कान जातात म्हणतात, हे खरं आहे का ते कळव. आणि रात्री माणसं झोपतात कुठं?

आता इथली हकीकत. बरी नाही.

दिवाळीपासून आपल्या बंदरात नायलॉनची जाळी आली. सोसायटीतून मिळतात. ज्याने त्याने तीच धरली, आणि दोन होडीवाल्यांनी मोरूची सुताची जाळी परत आणून टाकली. मी म्हणत होतो तेच झालं. मोरू घाबरला नाही. म्हणाला, आणखी थांबलो तर हे सूत कुणी फुकट नेणार नाही. मग पाचही जाळी विकली आणि त्या पैशांतून नायलॉनचं एकच जाळं घेतलं. शिवदास ते आपल्या होडीवर लावायला तयार होता. त्याचा वाटा, कोकिळेचा बाजार आणि उधाणाला मिळेल ते, एवढ्यात घर चालतं, असा मोरूचा हिशेब.

मी ते जाळं हातात घेतलं. नलू, हातात काही आहे असं वाटेना. गुळगुळीत, हलकं, गाठसुद्धा बोटाला लागत नाही. आपल्याकडे नवं जाळं ऐनाच्या सालीचा काढा प्यायल्याशिवाय पाण्यात गेलेलं तू कधी बघितलं आहेस? साल लागली नाही तर समुद्र ते खातो. मोरू म्हणाला याला साल नको, हे कुजत नाही. मला ते पटेना. जे कुजत नाही असं देवाने काय केलं आहे? पोराने सगळी पुंजी एका जाळ्यात घातली आणि ते तसंच कोरडं पाण्यात टाकणार, या विचाराने मला अन्न जाईना.

रघूचा कान फुटला होता. मोरू त्याला घेऊन अलिबागला दवाखान्यात गेला, कोकिळा बाजारात. मी हंडा चुलवणावर चढवला, साल टाकली, उकळी आणली आणि जाळं आत सोडलं. सुताला जेवढा वेळ देतो तेवढाच दिला. काढा आटला आणि जाळं तळाला बसलं. मैना शेजारून धावत आली, "मामा, कसला वास येतोय" म्हणत. तोवर खालची शेपटी, जिथं मासळी जमते ती, वितळून गुळाच्या ढेपेसारखी झाली होती. वरचं आकसून वेडंवाकडं झालं.

मोरू आला. त्याने ते बाहेर काढलं, अंगणात पसरलं, हाताने चाचपून बघितलं. मला वाटलं आता ओरडेल. त्याने एवढंच विचारलं, "बा, काढा आटलेला तुला दिसला न्हाय?"

मी म्हटलं, दिसत होता, पण डोळ्यांत धूर गेला.

तो माझ्याकडे थोडा वेळ बघत राहिला असावा. मग उठून रघूच्या कानात औषध घालायला गेला. कोकिळा म्हणाली, "जाऊ द्या मामा, जाळंच गेलं." ती चांगली आहे, पण त्या दिवशी जेवली नाही.

तुझं पत्र त्यानंतर आलं. राहीने वाचलं तेव्हा मोरू तिथंच होता. मी जागा मागितली होती हे त्याला तसं कळलं. तो म्हणाला, बरं केलंस, जातो. मला हवं होतं तेच झालं, मग मला बरं वाटायला हवं. सर्दी झाली आहे, त्यामुळे जरा बरं वाटत नाही इतकंच.

तुझा बा,
रावजी

*

रेवदंडा
८ जानेवारी १९६२

नलू,

हे पत्र मिळताच आधी जावईबापूंना वाचून दाखव, मग चुलीत घाल. मोरू गुरुवारी सकाळी रेवसच्या बोटीने निघतो. तो तुझ्या दारात यायच्या आत हे वाचून झालं पाहिजे. आजच्या टपालात टाकतो आहे. टपालवाला आज लवकर गेला तर काय, ही भीती आहेच.

इथं सगळे अष्टग्रहीला भ्यायले आहेत. आठ ग्रह एकत्र येऊन पुढल्या महिन्यात जग बुडणार म्हणतात, देवळात जप चालू आहे. एरवी मीच सगळ्यांच्या आधी घाबरलो असतो. पण जग बुडेल तेव्हा बुडेल, माझ्या घरात गुरुवार आहे.

काल मोरूने रघूच्या कमरेला एक लांब दोरी बांधली आणि दुसरं टोक माझ्या हातात दिलं. म्हणाला, "बा, दोरी सोडू नको. जड लागली का पोर हाय. हलकी लागली का मैनाकाकीला हाक मार." पाण्याखालचं जाळं दिसत नाही म्हणून आपण दोरीवरून भार बघतो, तसं. त्याने माझ्या डोळ्यांचं नाव काढलं नाही. कोकिळा तिथंच होती, तीही बोलली नाही. म्हणजे दोघांना ठाऊक आहे.

मी दोरी धरून बसलो. रघू आधी रडला, मग त्याला तो खेळ वाटला. "आज्या, वढ" म्हणायला लागला. दुपारी दोरी एकदम ढिली पडली. मी उठलो, हाका मारल्या आणि ओट्यावरून खाली पडलो. गुडघे फुटले. पोर कुठं गेलं नव्हतं. माझ्याच पायाशी येऊन बसलं होतं, म्हणून दोरी ढिली होती.

नलू, मला दिसत नाही. उजेड कळतो, माणूस आहे एवढं कळतं, कोण ते आवाजावरून कळतं. हे अक्षर मी बोट ठेवून अंदाजाने लिहितो. शाई फुटत नव्हती, धूरही गेला नव्हता.

आषाढात मोरू आणि कोकिळा सुकी मासळी घेऊन माणगावच्या बाजाराला गेली होती. राही शाळेत होती. रघू माझ्यापाशी होता. मला वाटत होतं तो अंगणात खेळतो आहे, मी त्याच्याशी बोलतसुद्धा होतो. तो खाडीच्या पाण्यात होता. मैनाने काढला. पोटातलं पाणी काढलं तेव्हा रडला. मी सगळ्यांना सांगितलं की पोराची जात, हातातून निसटला. मोरूने मला एक शब्द विचारला नाही. नारळी पुनवेला सगळे होड्या लोटत होते तेव्हा तो बंदरावर म्हणाला, माझी जाळी कमावतात, मी आता अर्धंच काम करणार. मी त्याला आळशी म्हटलं. लोक मोरूबाय म्हणाले. तो सगळं ऐकून घेत होता, आणि मला कळत होतं की तो घरी का बसतो. जाळी होती म्हणून त्याला बसता आलं, ते खरं. पण बसला तो माझ्यापायी. आंधळ्या म्हाताऱ्यापाशी पोरं टाकवत नाहीत असं म्हणण्यापेक्षा त्याने स्वतःला हसू दिलं.

आता जाळं नाही, म्हणून तो जाणार आणि पोरं पुन्हा माझ्यापाशी. कोकिळेने बाजार सोडला तर खायचं काय? काल दिवसभर दोरी धरली तेव्हा मला कळलं की हे होणार नाही.

म्हणून मी एक केलं आहे. आपल्या आजाने समुद्रात मारलेला खुंट, ज्याच्यावर मी जन्मभर डोल जाळी लावली, त्या खुंटाची जागा शिवदासला तीन हंगामांसाठी दिली. बदल्यात तो मोरूच्या नावाने नवं नायलॉनचं जाळं घेतो आणि वाटा मोरूला देतो. पाटलांसमोर बोलणं झालं. शिवदास बिचारा म्हणाला, "काका, मोरूला इचारलंत का?" मी म्हटलं, जागा माझी हाय. ज्याचा खुंट नाही तो बैठकीत मागं बसतो, हे मला ठाऊक आहे. मी मागं बसेन. तिथूनही ऐकू येतंच.

मोरू हे होऊ देणार नाही. त्याला आज कळलं तर आजच मोडून टाकेल. पण एकदा दुसऱ्याचा खुंट ठोकला गेला की हंगाम संपेपर्यंत तो कुणी उपटत नाही, ही आपली रीत. पाणी संथ असल्याशिवाय खुंट ठोकता येत नाही आणि आता उधाण आहे. शनिवारी भांग लागून पाणी संथ होईल, तेव्हा शिवदास ठोकणार. तोवर मोरू इथं नसावा, म्हणून त्याला निघू देतो. मोरू परत येईपर्यंत मैना दिवसभर आमच्या ओट्यावर बसणार आहे. तिला मी स्वतः तोंडाने सांगितलं की मला दिसत नाही. ती म्हणाली, "आता सांगताव व्हय?"

जावईबापूंपुढे मी हात जोडतो. ज्या तोंडाने जागा मागितली त्याच तोंडाने सांगतो, की मोरूला देऊ नका. दुसरा माणूस ठेवला म्हणा, लाँच दुरुस्तीला आहे म्हणा, त्यांना सुचेल ते म्हणा. त्याला संक्रांतीचा तिळगूळ द्या, पोटभर जेवू घाला, आणि सोमवारच्या बोटीत बसवून द्या. शनिवारच्या आत सोडू नका, तेवढी काळजी घ्या. समुद्राला वारा असेल तर मंगळवारी पाठवा.

तो परत येईल तेव्हा मी बंदरावर जाऊन चार लोकांसमोर त्याच्यावर ओरडणार आहे, पगाराची जागा सोडून घरी बसायला आलास का म्हणून. मला दुसरं काही बोलता येणार नाही. मग खुंट बघून तो माझ्यावर ओरडेल. नलू, तुझ्या कानावर आलं की बा आणि मोरू भांडले, तर काळजी करू नकोस, आणि समजूत घालायला येऊ नकोस.

मोरूचा आणि तुझा बा,
रावजी