सोमेशचं वर्ष

५ मार्च २०२५, नांदेड
प्रोसेसर माझ्याच हातून गेला. हार्डवेअरच्या तासाला कॉम्प्युटर जोडत होते. प्रोसेसर चुकीच्या दिशेनं ठेवला, बसेना म्हणून दाबला – तीन पिना वाकल्या. वर पंखा लावून मोकळी झाले. कुणी पाहिलं नाही.
त्याच टेबलावर पुढचा नंबर सोमेशचा. मशीन सुरूच होईना. पंचाक्षरी सरांनी उघडलं. "कुणी केलं हे?" सोमेश गप्प. मीही.

६ मार्च
दोष सोमेशवर आला. त्याला प्रॅक्टिकल परीक्षेला बसू देणार नाहीत. वर्ष गेलं त्याचं. किनवटकडचा, आश्रमशाळेत शिकलेला. वर्गात त्याच्याइतका हात कुणाचा चालत नाही. ऑपरेटिंग सिस्टिमचं इंग्रजी तेवढं जड जायचं, ते मी मराठीतून सांगायचे. "आता कळलं बघ," म्हणायचा.
सरांच्या दारापर्यंत गेले. आबांचं बोलणं आठवलं – "कालेजातून एक जरी तक्रार आली, तर उदगीरला परत. सोयरीक तयारच हाय."
मागं फिरले.

७ मार्च
आजही गेले नाही.

१९ मार्च
सोमेश होस्टेल सोडून गेला. भेटला नाही.

२ एप्रिल
प्रॅक्टिकल झालं. सगळं पहिल्या झटक्यात सुरू झालं. सर म्हणाले, "छान." डबा तसाच परत आणला.

९ एप्रिल
सरांना सांगितलं. त्यांनी हातातली वही मिटली. मग म्हणाले, "महिना उशीर केलास, अयोध्या. मार्क विद्यापीठात गेले. त्याचं वर्ष आता माझ्या हातात नाही." घरी कळवावं लागेल, म्हणाले. कळवा म्हटलं.

११ एप्रिल
उद्या आबा न्यायला येणार. त्याआधी सकाळच्या गाडीनं किनवट गाठलं. सोमेश नव्हता – आदिलाबादला मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात लागलाय. त्याची आई, कोंडाबाई, भेटली. खरं काय ते सांगितलं. तिला पटेना.
"त्यो तर म्हणला, माझ्याच हातून मोडलं. तू कशापायी रडून राहिली, बाई?"
भाकरी वाढली. खाल्ली.

१२ एप्रिल
सोमेशचा फोन आला. "तू पिना वाकवल्या तवाच मी बघून राहिलो होतो. आबा तुला नेतील, हे तूच सांगितलं होतं ना. म्हणून गप बसलो."
आबा खाली येऊन थांबलेत.