कुलूप लावलं, सांगितलं नाही

३ फेब्रुवारी, मंगळवार
कंपनीत आज स्वभावाची परीक्षा. एचआरच्या मॅडमनी आम्हा मेंटेनन्सवाल्यांना कॅन्टीनमध्ये बसवलं. 'पार्टीत तुम्ही काय करता?' पार्टीला जातच नाही, हा पर्याय नव्हता. माझा निकाल : व्यवहारी, अंतर्मुख. कमी बोलतो, काम चोख, गडबडीत डोकं शांत. "असे लोक म्हणजे कंपनीचा कणा," मॅडम म्हणाल्या. टाळ्या. कुठे बघावं कळेना.
घरी बायकोला सांगितलं. संगीता म्हणाली, "एवढ्यासाठी परीक्षा? मला विचारायचं, लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच सांगितलं असतं."
खोटं कशाला लिहू, बरं वाटलं.

४ फेब्रु., बुधवार
पत्रा दाबणाऱ्या मोठ्या प्रेसचा ब्रेक सरकतोय. वरचा भाग थांबतो आणि मग हळूच बोटभर खाली उतरतो. नेहमी नाही, मधूनच. शिफ्ट संपता संपता लक्षात आलं. सामान शुक्रवारी येईल. मेन स्विचला माझं लाल कुलूप घातलं, किल्ली खिशात. उद्या रजा. भाजे गावात भाचीचा साखरपुडा.
मला काम शिकवलेल्या उस्तादांनी घालून दिलेली रीत बरी. कुलूप दिसलं की हात लावायचा नाही, ज्याचं असेल त्याला विचारायचं. बोलायचं कामच नाही.

५ फेब्रु., गुरुवार
साखरपुडा छान झाला. मी वाढायला. वाढप्याशी कुणी गप्पा मारत बसत नाही, म्हणून ते काम आवडतं.
दुपारी निलेशचे दोन फोन. शिफ्टचा सुपरवायझर. माणूस चांगला, पण नुसत्या 'हॅलो'लाच अर्धा तास. उचलला नाही. उद्या भेटणारच आहे.

संध्याकाळ. आमचे ऑपरेटर किसनभाऊ, त्यांचा हात प्रेसमध्ये सापडला. माझं कुलूप कापून निलेशने मशीन चालू केलं. तळेगावला हॉस्पिटलात आहेत. आणखी लिहवत नाही.

६ फेब्रु., शुक्रवार
उजव्या हाताची दोन बोटं गेली.
किसनभाऊ नवलाख उंबरे गावचे. ठेकेदाराकडून लागलेले, पण प्रेसवर सगळ्यांत जुने. डबा उघडला की पहिली भाकरी माझ्यापुढे सरकवणार. मी नको म्हणत नाही म्हणून त्यांना मी आवडतो.
निलेश पार कोसळलाय. "भास्कर, मला वाटलं तू कुलूप काढायला विसरलास. वरून माल मागत होते. दोनदा फोन केला रे तुला."
मशीन बंद केलं ते बरोबरच. पण का बंद केलं ते माझ्याशिवाय एका माणसाला ठाऊक नव्हतं. साधी चिठ्ठी नाही. भाऊ तर बुधवारी तिथेच उभे होते. "काय रं, काय झालं?" म्हणाले. मी मान हलवली आणि हात धुवायला गेलो. त्या मान हलवण्याचा अर्थ काय होता, मलाही सांगता येणार नाही.

८ फेब्रु., रविवार
हॉस्पिटल. भाऊ गुंगीत. वहिनी बाहेर बाकड्यावर.
"लोक म्हनत्यात यांचंच ध्यान न्हवतं. तुमी सांगा भावजी, हे तसं करनारे हाईत का?"
"नाही," म्हणालो. तेवढंच. तेवढ्यानेच त्यांना धीर आला. "तुमी बोलता कमी, पर खोटं बोलत न्हाई."
खाली येऊन गाडीपाशी नुसता उभा राहिलो. स्वतःची शिसारी आली. आजवर कुणाच्या अध्यात ना मध्यात, याचा केवढा तोरा होता मला.

१० फेब्रु., मंगळवार
उद्या चौकशी. मॅनेजरसाहेबांनी केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं. "तू कुलूप विसरलास, निलेशने कापलं, ऑपरेटरने हात आत घातला. बास. ब्रेकचं तुला आधीपासून माहीत होतं हे कशाला काढायचं? तू तसाही कमी बोलतोस. तेच कर."
म्हणजे चूक भाऊंची. मग ठेकेदार परत घेणार नाही, भरपाईलाही फाटे फुटणार.
रात्री जेवताना संगीताने विचारलं काय झालं. मी ताटात बघत. ती ओरडलीच. "निदान माझ्याशी तरी बोला!" मुलं घाबरली. मग बोललो. सुरुवात सापडेना, म्हणून ब्रेकपासून धरलं. सगळं सांगून झाल्यावर ती बराच वेळ भांडी आवरत राहिली. म्हणाली, "नोकरी गेली तर काय करायचं ते मला सुचत नाही. पण उद्या असंच सांगा. ब्रेकपासून."

११ फेब्रु., बुधवार
सांगितलं. कुलूप विसरलो नव्हतो, ब्रेक सरकत होता, मला माहीत होतं, कुणाला बोललो नाही, फोन उचलला नाही. किसनभाऊंचा दोष नाही. साहेब टेबलाकडे बघत होते. निलेश रडला.
मॅडमनी विचारलं, "पण सांगितलं का नाही?"
"सवय नाही," म्हणालो. 
निर्णय होईपर्यंत घरी बसायला सांगितलंय. हात रिकामे असले की मला काही सुधरत नाही. मिक्सर खोलून साफ केला. बरा होता.

१४ फेब्रु., शनिवार
भाऊंना घरी सोडलं. त्यांच्या गावी, उंबऱ्याला गेलो. माफी मागायची म्हणून गाडीवर वाटभर घोकत गेलो होतो. भाऊ ओट्यावर बसलेले, हात गळ्यात बांधलेला. वहिनी मला बघून आत गेल्या. ब्रेकचं त्यांना कळलेलं होतं.
"साहेबाम्होरं बोललास म्हनं."
"हो, भाऊ."
"बरं केलंस." डाव्या हाताने गळ्यातली पट्टी सारखी केली. "पर मी तुला आदीच इचारलं व्हतं रं. ब्रेक गेलाय, एवढंच म्हनला असतास तर म्या जवळबी गेलो नसतो."
घोकलेलं एकही वाक्य तोंडात येईना. डोळे भरले. ते त्यांनी पाहिलं की नाही, माहीत नाही.
उठलो तेव्हा म्हणाले, "आता चौकशीला सरकारी साहेब येनार हाईत. त्येंच्याम्होरंबी सांगशील न्हवं?"
मी मान हलवली.
भाऊ माझ्याकडे बघतच राहिले. मला कळलं तेव्हा घाईघाईने म्हणालो, "सांगेन, भाऊ. सांगेन." तोवर ते उठून आत वळले होते.