मॉडर्न लग्नाचं आमंत्रण

पुणे

तीर्थरूप आईले, ज्ञानेश्वरचा नमस्कार.

फोनवर तू रडते, म्हणून लिहून राह्यलो. खोकला कसा आहे? औषध घेते का?

मॉडर्न लग्न म्हणजे काय, असं तू इचारलं होतं. मॉडर्न म्हणजे आजकालच्या रीतीचं. त्याच्यात नऊवारी नाही, आपल्या गावची, उंद्रीची माणसं नाही, मोठ्यानं बोलणं नाही. प्रेरणाच्या घरचे तसेच आहेत. तुले तिथं अवघडल्यासारखं होईल, म्हणून येऊ नको. व्हिडिओ पाठवीन.

सूनमुख मात्र ठेवलं आहे, फोटोत चांगलं दिसते. सुनेचं तोंड पाहाले तुह्या जागी तिची मावशी बसंल. तू घेऊन ठेवलेला चांदीचा आरसा चिखलीहून एसटीनं पाठवून दे. पुसून पाठव.

तू लय आजारी आहे, असं पाहुण्यांले सांगितलं. खोकला बरा झाला तरी कोणाले सांगू नको.

तुहा,
ज्ञानेश्वर