पालीमार्गे पनवेल

आई, काल दुपारी माझा व्हिसा आला. मी तुझ्या मागच्या अंगणात सुपाऱ्या पसरत होते तेव्हा लेकीचा फोन आला. "आई, मिळाला," एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. मी तिला म्हटलं, आधी खाली बस आणि पाणी पी, आठव्या महिन्यात उभ्याने रडू नये. फोन ठेवला, राहिलेल्या सुपाऱ्या पसरून टाकल्या, हात धुतले आणि पायरीवर बसले ती उन्हं उतरेपर्यंत बसूनच राहिले. तू असतीस तर म्हणाली असतीस, बसलीस काय, बॅग भर. भरते. आधी तुला सांगते, कारण ज्याची तुला मरेपर्यंत धास्ती होती ते मी करून बसले आहे, आणि काहीही वाईट झालेलं नाही.

लेक ऑस्ट्रेलियात असते हे तुला ठाऊक नाही, ती तू गेल्यावर गेली. तिथे पाहुणी म्हणून जायचं तरी सरकार आधी चौकशी करतं. कोण आहात, कशाला येता, किती दिवस राहणार, आणि आजवर कोणकोणते आजार झाले. अर्ज ती तिकडून भरत होती आणि मी इथे ओट्यावर फोन टेकवून, कोळंबी सोलता सोलता उत्तरं देत होते. क्षयरोग? नाही. हृदयविकार? नाही. मोठं ऑपरेशन? नाही. वर्गात हजेरी घ्यावी तसं झटपट चाललं होतं. मग तिने वाचलं, मानसिक आजारासाठी कधी उपचार घेतले आहेत का, हॉस्पिटलात राहावं लागलं आहे का, आणि माझी वाट न पाहता स्वतःच म्हणाली, नाही, पुढचा. मी म्हटलं, थांब. ती थांबली. मी म्हटलं, नेट जातंय, उद्या करू. नेट व्यवस्थित होतं.

मला ती खोली अजून दिसते. तू बाळंतिणीच्या शेगडीत ओवा टाकतेस, धूर होतो. मी भिंतीकडे तोंड करून पडलेली. पाळण्यात पोर रडते आहे आणि तू म्हणतेस, घे गो जरा तिला. मी घेत नाही. मी बी.ए. झालेली, शाळेत नोकरीला लागलेली बाई, आणि मला वाटतं आहे की हे मूल माझं नाही, माझं दुसरीकडे ठेवलं आहे आणि तुम्ही सगळे मला फसवताय. झोप नाही. हळिवाची खीर तू भरवतेस तेवढीच पोटात जाते. एकदा पहाटे तू मला विहिरीच्या काठावरून हाताला धरून आणलंस. सकाळी विहिरीवर फळ्या टाकून घेतल्यास आणि विचारणाऱ्यांना सांगितलंस, मांजर पडतं.

पलीकडच्या वाडीतली वहिनी म्हणाली, बाधा दिसते, भगताकडे न्या. बाळंतपण केलेले डॉक्टर तुला बाजूला घेऊन म्हणाले होते की हा आजार आहे, औषधाने बरा होतो, पनवेलला नेऊन दाखवा. पनवेलला वेड्यांच्या डॉक्टरकडे नेली असं आपल्या नागावात कळलं असतं तर माझ्या सासरी पोचायला संध्याकाळ लागली नसती. तू एका वाक्यात सगळ्यांची तोंडं बंद केलीस. म्हणालीस, आमचा नवस पालीचा हाय, पोरीला देवाच्या दारी बसवायची हाय. देवापुढे भगताचं काय चालणार? एकट्या ह्यांना तू खरं काय ते सांगितलंस, आणि ह्यांनी ते शेवटपर्यंत पोटात ठेवलं.

पण देवाचं नाव घेऊन खोटं बोलायचं तुझ्या जिवावर आलं. म्हणून तू मला खरोखरच आधी पालीला नेलंस. अलिबागहून एस.टी.ने पाली, तिथे बल्लाळेश्वरापुढे मला बसवलंस, घंटा वाजवलीस, आणि मग पालीहून दुसरी गाडी पकडून पनवेल. पोरीला ह्यांच्याजवळ आणि माझ्या आत्याजवळ ठेवलं होतं. पनवेलला मी किती दिवस होते ते मला नीट आठवत नाही. तू खाली चटईवर झोपायचीस आणि रात्री हात वर करून माझा पाय धरून ठेवायचीस, एवढं आठवतं.

पुढे वर्षभर औषधं आणायला जायचो तेही तसंच. डॉक्टर म्हणायचे मंगळवारी या, तू म्हणायचीस चतुर्थीला येते. गावातल्या बायका तुझ्याजवळ नारळ द्यायला लागल्या, आमचा पण वाढव गो. भगत सुचवणाऱ्या वहिनीचा नारळ तर दर खेपेला असायचा. ती जड पिशवी घेऊन आपण देऊळ करायचो आणि फोडलेलं खोबरं तू दवाखान्यातल्या बाकावर वाटायचीस, डॉक्टरांनाही. त्यांनी एकदा विचारलं, आजी, सरळ रस्ता सोडून एवढा वळसा कशाला? तू म्हणालीस, तुमच्या औषधाला जोर येतो. गावात माझं नाव झालं, पोरगी केवढी देवाची म्हणून. मला आजही आरतीचं तिसरं कडवं येत नाही.

एकदा अलिबागच्या स्टँडवर मी कंडक्टरकडे चुकून दोन पनवेल मागितली. मागे आपल्या आळीतलं माणूस उभं होतं. तू माझ्या दंडाला असा चिमटा काढलास की आठवडाभर वळ होता. पालीला उतरल्यावर देवळाच्या पायरीवर बसवून म्हणालीस, "हे आपल्या दोघींत. आणि तुझ्या पोरीला तर कधीच सांगायचा न्हाय. तिला वाटंल, माझ्यामुळं झाला." मी मान हलवली. ती मान मी इतकी वर्षं हललेलीच ठेवली.

नेट गेलं म्हटलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी अलिबागला व्हिसाची कामं करणाऱ्याकडे गेले. पोरगा चांगला होता. म्हणाला, "मॅडम, बिनधास्त नाही टाका. तेव्हाचं कोण बघायला येतंय? हो टाकलंत तर कागदावर कागद मागतील, तोवर नातवंड रांगायला लागेल." मला हीच भीती होती. नकार आला तर, किंवा उशीर झाला तर. पण उलटही होतं, खोटं सांगितलं आणि कळलं तर दार कायमचं बंद. मी त्याला विचारलं, खाली सही कोणाची, तुझी की माझी? तो हसला. मी उठले. वर्गात कॉपी पकडण्यात जन्म गेला, आता या वयात मी खोट्या उत्तराखाली सही करणार नव्हते.

हे मी त्याला ऐकवलं, आणि ते खरं होतं, पण पुरतं खरं नव्हतं. मी तिकडे चालले होते कशाला? जे दिवस मी भिंतीकडे तोंड करून काढले, त्या दिवसांत तिच्याजवळ ते ओळखणारं माणूस असावं म्हणून. ती दोन आठवडे फोनवर फार कमी बोलत होती आणि मी दिवसातून तीनदा फोन लावत होते. तिच्याजवळ असण्याचं माझं सगळ्यात मोठं कारणच तिच्यापासून लपवून मी तिच्या दारात उभी राहणार होते.

तेव्हा आई, मी सांगितलं. फोन लावला आणि म्हटलं, त्या कालच्या प्रश्नाचं उत्तर हो आहे. विहीरसुद्धा सांगितली. तिने विचारलं, माझ्या वेळी? म्हटलं, हो, तुझ्या वेळी. मग तू म्हणाली होतीस तेच झालं. तिने विचारलं, "मी फार रडायचे का गं?"

मी शाळेतल्या आवाजात म्हटलं, "भूक लागली की रडायचीस. सगळी पोरं रडतात. आजार माझा होता, तुझा त्यात काडीचा हात नव्हता."

"बरं, बाई," ती म्हणाली आणि हसली. मग हसता हसता रडली आणि म्हणाली, तिथल्या नर्सने पहिल्याच भेटीत विचारलं होतं, तुमच्या आईला बाळंतपणानंतर असा काही त्रास झाला होता का, आणि मी ठणकावून नाही म्हणून सांगितलं. आता फोन करून बदलते. मग हळूच म्हणाली, मला रात्र रात्र झोप नाही आणि मी स्वतःला शिव्या घालत होते की माझ्या आईने कसं सगळं हूं की चूं न करता केलं. ऐकलंस? आपण तिला वाचवायला गप्प बसलो आणि तिने त्या गप्प बसण्याशी स्वतःला ताडून पाहिलं. तुला दोष देत नाही. तेव्हा तू सांगितलं असतंस तर माझं घर राहिलं नसतं. पण आता ह्यांच्यामागे मी इथे तुझ्या घरात राहते, मला कोण बाहेर काढणार?

अर्जात हो लिहिलं. त्यांनी मुंबईला त्यांच्या डॉक्टरकडे तपासणीला बोलावलं. त्या डॉक्टरीणबाई माझ्या विद्यार्थिनी शोभतील एवढ्या. मी ताठ बसून सगळं सांगितलं, पाठ करून गेले होते. त्यांनी विचारलं, त्यानंतर पुन्हा कधी? नाही. सध्या काही औषध? रक्तदाबाची अर्धी गोळी. त्यांनी लिहून घेतलं आणि म्हणाल्या, "खूप जणींना होतं, आजी. तुम्हाला वेळेवर आणलं कोणी?" म्हटलं, आईने. त्या बराच वेळ लिहीत होत्या, की मलाच तसं वाटलं. मग म्हणाल्या, झालं, आता छातीचा एक्स-रे. एवढंच. इतकी वर्षं मी ज्या दारावर पाठ लावून उभी होते, त्याच्या पलीकडून कोणी ढकलत नव्हतं.

आता बॅग भरायची आहे. डिंक, हळीव, ओवा घेतला आहे. तिथे उतरल्यावर खायच्या जिनसाही लिहून द्याव्या लागतात म्हणे. देईन, आता सवय झाली. हे पत्र मात्र इथेच राहील, तुझ्या लुगड्यांच्या पेटीत.

एक राहिलं. तपासणीच्या दिवशी पहाटे गाडीत बसत होते तर कुंपणापलीकडून त्याच वहिनीने, आता पार वाकली आहे, विचारलं, कुठं चाललीस गो सकाळचे? परक्या देशाच्या सरकारला मी सगळं सांगून मोकळी झाले होते. पण तिला पाहिलं आणि तोंडातून निघालं, पालीला. तिने थांब म्हटलं आणि आतून नारळ आणून दिला. ड्रायव्हर म्हणाला, मॅडम, मांडव्याहून लाँचने तासात मुंबई हाय. मी म्हटलं, मुकाट्याने पालीवरून घे.